घटक ४ : पाणथळ जागांचा ऱ्हास आणि किनाऱ्यावरील लोकजीवन (पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात)

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• पाणथळ जागा म्हणजे काय, हे सांगून तिचे किनाऱ्यावरील प्रकार स्पष्ट करता येतील.
• पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील लोकांच्या जगण्याशी या जागांचा असलेला संबंध उलगडून दाखवता येईल.
• पाणथळ जागांच्या ऱ्हासाची कारणे व परिणाम यांचे विवेचन करता येईल.
• वहिवाट आणि कागदोपत्री हक्क यांतील फरक उदाहरणांसह मांडता येईल.
• आपल्या परिसरातील पाणथळ जागांविषयीची बोलीतील शब्दसंपत्ती नोंदवता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण निसर्ग आणि मानवी संस्कृती यांच्या परस्परसंबंधांचा सर्वसाधारण विचार केला. प्रस्तुत घटकात तोच विचार एका विशिष्ट भूप्रदेशाच्या आधारे पुढे न्यायचा आहे. हा भूप्रदेश म्हणजे पालघर जिल्ह्याचा किनारा आणि त्यातही बोईसर-तारापूरचा परिसर.

'पाणथळ' हा शब्द कानावर पडला की डास, चिखल, दुर्गंधी अशा प्रतिमा सामान्यतः डोळ्यांसमोर येतात. ही जमीन कोणाच्या उपयोगाची नाही, ती बुजवून काही उभारले तर तिचे सोने होईल, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. ही समजूत तपासून पाहणे हा या घटकाचा मुख्य हेतू आहे. जी जमीन कागदावर 'पडीक' असते, ती प्रत्यक्षात अनेक पिढ्यांनी वापरलेली, जपलेली आणि नावे देऊन ओळखलेली असू शकते. ती नष्ट झाली तर कोणाचे काय गेले, याचा हिशेब मात्र मांडला जात नाही. कारण गमावणाऱ्याचे नाव मुळात कोणत्याही कागदावर नसते. हा मुद्दा लक्षात ठेवून पुढील विवेचन वाचावे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ पाणथळ जागा : अर्थ व प्रकार

इराणमधील रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत १९८२ मध्ये त्यात सामील झाला. या करारानुसार दलदल, पाणवठे, कायम किंवा तात्पुरत्या पाण्याखाली असलेली जमीन, तसेच ओहोटीच्या वेळी सहा मीटरपेक्षा अधिक खोल नसलेले समुद्राचे पाणी, या सर्वांचा समावेश पाणथळ जागांत होतो. महाराष्ट्रातील ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

किनाऱ्यावरील पाणथळ जागांचे प्रमुख प्रकार असे : खाड्या व त्यांची मुखे, ओहोटीला उघडे पडणारे चिखलाचे पट्टे, कांदळवने, खाजणे आणि मिठागरे. कांदळवनात तिवर, चिपी, कांदळ, मरांडी अशा अनेक वनस्पती असतात. त्यांपैकी पांढऱ्या चिपीला महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित केले.

संस्कृतमध्ये जलमय भूमीसाठी 'अनूप' आणि 'कच्छ' हे शब्द आहेत. मराठीतील 'खार', 'खाजण', 'दलदल' हे शब्दही एकमेकांचे पर्याय नाहीत. प्रत्येकाने जमिनीची वेगळी स्थिती दाखवली जाते. म्हणजेच आपल्या पूर्वजांनी या जमिनीकडे 'रिकामी जागा' म्हणून पाहिले नव्हते.

४.२.२ पालघरचा किनारा : भूमी आणि समाज

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या आठ तालुक्यांपैकी जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा हे डोंगराळ किंवा अंतर्भागातील, तर पालघर, डहाणू व वसई यांना मोठा समुद्रकिनारा लाभला आहे. सूर्या नदी वैतरणेला मिळते आणि वैतरणा अर्नाळा-दातिवरे यांच्या दरम्यान समुद्राला मिळते. याखेरीज डहाणू, चिंचणी-तारापूर, नवापूर-दांडी, सातपाटी-मुरबे, केळवे-माहीम अशा लहानमोठ्या खाड्यांनी हा किनारा ठिकठिकाणी छेदलेला आहे. भरतीचे पाणी या खाड्यांतून बरेच आत जाते. पालघरजवळच्या 'खारेकुरण' या गावाच्या नावाकडे पाहा. 'खारे' आणि 'कुरण' ही दोन पदे एकत्र येऊन तेथील जमिनीचे वर्णनच करतात.

या किनाऱ्यावर मांगेला, कोळी, वैती, भंडारी, वाडवळ, आगरी इत्यादी समाजांची जुनी वस्ती आहे. थोडे आत गेले की वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे लागतात. उत्तर कोकणातील वस्तीची हकीकत सांगणारी 'महिकावतीची बखर' वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली, हे मराठीच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. सातपाटी हे गाव पापलेटसाठी प्रसिद्ध आहे. याच पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला. केळवे-माहीमच्या पानवेली आणि डहाणू-घोलवडचे चिकू हीदेखील याच किनाऱ्याची ओळख होय.

४.२.३ 'पडीक' जमिनीवरचे जगणे

आता या जमिनीचा उपयोग कोण, कसा करतो ते पाहू.

(अ) खाडीतील वेचणी : खोल समुद्रातील मासेमारी बहुधा पुरुष करतात; खाडीतील व चिखलातील वेचणी मात्र मोठ्या प्रमाणावर स्त्रिया करतात. ओहोटी लागली की चिंबोऱ्या, कालवे, शिवल्या, निवट्या, कोळंबी गोळा केली जाते. त्यासाठी होडी लागत नाही, डिझेल लागत नाही, कर्ज काढावे लागत नाही. टोपली, एखादी लोखंडी आकडी आणि भरती-ओहोटीचे ज्ञान एवढेच भांडवल पुरते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात तेव्हा घरातील कालवणाची सोय अनेकदा याच वेचणीतून होते. भूमिहीन आदिवासी कुटुंबांसाठीही खाडी हा असाच आधार असतो.

(आ) माशांची उपज : कांदळाच्या मुळ्यांमध्ये अनेक जातींच्या माशांची व कोळंबीची पिल्ले वाढतात. तेथे त्यांना अन्न मिळते आणि मोठ्या माशांपासून आसरा मिळतो. म्हणून खाडीतील तिवर तुटली की त्याचा परिणाम समुद्रात डोल लावणाऱ्याच्या जाळ्यापर्यंत पोहोचतो.

(इ) खारभूमीची शेती व मिठागरे : बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे, उघडीतून पावसाचे पाणी सोडायचे आणि क्षार धुऊन निघाल्यावर भात घ्यायचे, ही कोकणातील जुनी रीत आहे. बांधाला खांड पडली तर सर्वांचेच शेत जाणार, म्हणून त्याची दुरुस्ती गावाने मिळून करावयाची असे. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. खारबंदिस्ती व मिठागरे यांनीही मूळ पाणथळीचे रूप बदलले होते. परंतु त्यांनी पाण्याच्या ये-जा करण्याच्या वाटा कायमच्या बंद केल्या नाहीत. आजच्या भरावात आणि पूर्वीच्या बांधात हा मूलभूत फरक आहे.

(ई) गोडे पाणी व संरक्षण : पाणथळ जागा पावसाचे पाणी धरून ठेवतात, पुराचे पाणी पसरू देतात आणि लाटांचा जोर कमी करतात. किनाऱ्यालगतच्या वाड्यांतील विहिरी गोड राहण्यासाठी गोड्या व खाऱ्या पाण्याचा जो तोल लागतो, त्यालाही त्यांची मदत होते.

या चारही उपयोगांत एक समान सूत्र आहे. मिठागरे व खारभूमीची शेती वगळता यांपैकी कोणत्याही उपयोगाची नोंद सातबाराच्या उताऱ्यावर होत नाही. उताऱ्यावर पीक लिहिले जाते; चिंबोरी लिहिली जात नाही. लागवडीस अयोग्य क्षेत्र 'पोटखराबा' म्हणून वेगळे दाखवले जाते. 'खराबा' हा महसुली भाषेतील निव्वळ वर्गवाचक शब्द आहे. पण तोच शब्द पुढे त्या जमिनीविषयीचा निवाडा ठरतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

खालील विधाने चूक की बरोबर ते सांगा.
(१) ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असलेले समुद्राचे पाणी रामसर कराराच्या व्याख्येत बसते.
(२) खाडीतील वेचणीसाठी मोठ्या भांडवलाची आवश्यकता असते.
(३) खाडीतील वेचणीची नोंद सातबाराच्या उताऱ्यावर केली जाते.

४.२.४ ऱ्हासाची कारणे

बोईसर-तारापूर परिसराचा कायापालट अणुवीज केंद्रापासून सुरू झाला. तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन संचांतून १९६९ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. देशातील हे पहिले अणुवीज केंद्र होय. पुढे तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. बोईसरलगत तारापूर औद्योगिक वसाहत वाढली. रसायने, रंग, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने आले, रोजगारासाठी देशाच्या अनेक भागांतून माणसे आली आणि बोईसर हे गाव पाहता पाहता शहर झाले. या बदलांच्या ओघात पाणथळ जागांवर पुढील प्रकारे आघात झाले.

पहिले कारण भराव. घरे, गोदामे, रस्ते यांसाठी सखल जमिनी माती-मुरूम टाकून उंचावल्या जातात. रस्त्याखाली पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत, तर एका बाजूची खाजण भरतीच्या पाण्यावाचून सुकते आणि दुसऱ्या बाजूला पावसाचे पाणी तुंबते. तिवर तोडावीही लागत नाही. तिचे पाणी तोडले की पुरते.

दुसरे कारण औद्योगिक सांडपाणी. तारापूर वसाहतीतील सांडपाणी प्रक्रियेनंतर वाहिनीद्वारे नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. मात्र प्रक्रिया केंद्राची क्षमता अपुरी पडल्याने आणि काही ठिकाणी सांडपाणी परस्पर नाल्यांत सोडले गेल्याने खाड्या दूषित झाल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात देशातील औद्योगिक क्षेत्रांत तारापूरचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९ म्हणजे सर्वाधिक ठरला. पाणथळ जागा नकाशावर शिल्लक असतानाही निरुपयोगी होऊ शकते, हे या उदाहरणावरून ध्यानात येईल. क्षेत्रफळ तेवढेच राहते. जीव उरत नाही.

तिसरे कारण नद्यांच्या प्रवाहातील बदल. खाडीला समुद्राचे खारे पाणी जसे लागते, तसे डोंगरातून येणारे गोडे पाणी व गाळही लागतो. धरणांमुळे आणि शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी पाणी वळवल्यामुळे खाडीपर्यंत पोहोचणारा प्रवाह घटतो. सूर्या प्रकल्पाचे पाणी वसई-विरारसारख्या शहरांपर्यंत जाते. दुसऱ्या बाजूने, रेतीच्या बेसुमार उपशाने काठ ढासळतात.

चौथे कारण मोठे प्रकल्प. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेसाठी मुंबई, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील सुमारे २२ हजार कांदळवृक्ष तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. डहाणू तालुक्यातील वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराला केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये मान्यता दिली. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर क्षेत्रावर भराव घालण्याची योजना आहे. या प्रकल्पामुळे मोठा रोजगार निर्माण होईल, असे शासनाचे म्हणणे आहे. मासेमारीचे क्षेत्र व माशांची पैदास धोक्यात येईल, असे मच्छीमार संघटनांचे म्हणणे आहे. दोन्ही म्हणणी अभ्यासकाने पुराव्यांसह तपासावीत.

४.२.५ लोकजीवनावरील परिणाम

या ऱ्हासाचा पहिला फटका उपजीविकेला बसतो. परंतु 'मासळी कमी झाली' एवढ्या विधानाने तो पुरता कळत नाही. एक कल्पित कुटुंब घेऊ. आई खाडीत चिंबोऱ्या धरते व बाजारात विकते. मुलगा कारखान्यात कंत्राटी कामावर लागतो. घराचे एकूण उत्पन्न कदाचित वाढलेले दिसेल. पण खाडी दूषित झाल्यावर आईच्या हाती येणारे, तिच्या मर्जीने खर्च होणारे पैसे थांबतात. मुलाचे कंत्राट संपले की घराला पूर्वीसारखा खाडीचा आधारही उरत नाही. विकासाचा हिशेब कुटुंब हे एकक धरून केला, तर स्त्रीचे हे नुकसान त्यात दिसतच नाही.

दुसरा परिणाम आहारावर होतो. ज्या कुटुंबाला निवट्या, कालवे, कोळंबी फुकट मिळत होती, त्याला मासळी विकत घ्यावी लागते. गरिबाच्या ताटातील ताजे व पोषक अन्न कमी होते. दूषित खाडीतील मासळीविषयी गिऱ्हाइकाच्या मनात संशय बसला, तर चांगल्या मासळीचाही भाव पडतो आणि त्याचा भार डोक्यावर टोपली घेऊन फिरणाऱ्या विक्रेतीला सोसावा लागतो.

तिसरा परिणाम सुरक्षिततेशी निगडित आहे. सातपाटीसारख्या गावांत पावसाळ्यातील उधाणाचे पाणी घरांपर्यंत येते. त्यासाठी धूपप्रतिबंधक बंधारे बांधावे लागतात आणि ते पुनःपुन्हा दुरुस्तही करावे लागतात. खाड्यांची मुखे गाळाने भरली की होड्यांना आत-बाहेर जाण्यासाठी भरतीची वाट पाहावी लागते. जे काम चिखल व तिवर विनामूल्य करत होती, ते दगड आणि सिमेंट यांच्याकडून करून घेताना सार्वजनिक पैसा खर्च होतो.

चौथा परिणाम सामाजिक संबंधांवर होतो. मासेमारीचे क्षेत्र आक्रसले की गावागावांत हद्दीचे वाद वाढतात. बांध-उघडीची सामूहिक व्यवस्था मोडली की एकत्र येण्याचे निमित्तही जाते. पुनर्वसन झालेल्या कुटुंबाला घर मिळते. समुद्र मिळत नाही.

४.२.६ कायदा, न्यायालय आणि वहिवाटीचा हक्क

किनाऱ्याच्या संरक्षणासाठी १९९१ मध्ये सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. २०११ व २०१९ मध्ये तिच्या जागी नव्या अधिसूचना आल्या. २०१७ च्या पाणथळ जागाविषयक नियमांतून भातशेती, मिठागरे आणि किनारा नियमनाखालील क्षेत्रे वगळली आहेत. म्हणून किनाऱ्यावरील पाणथळीची भिस्त मुख्यतः किनारा नियमनावरच राहते. डहाणू तालुका २० जून १९९१ रोजी पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित झाला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकार दिला होता. पुढे २०२३ मध्ये नव्या प्रस्तावाला सशर्त संमती दिली. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला.

तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. जानेवारी २०२२ च्या निकालात न्यायाधिकरणाने प्रदूषण करणाऱ्यांवर पर्यावरणीय भरपाईचा भार टाकला. एका मच्छीमार समाजाच्या संघटनेने हा प्रश्न न्यायापर्यंत नेला, हे विशेष होय.

कागदावर नाव नसलेल्यांचा हक्क मान्य होऊ शकतो काय? याचे उत्तर शोधण्यासाठी पालघरच्या दक्षिणेकडील दोन प्रकरणे उपयुक्त ठरतात. उरण परिसरात बंदराच्या विस्तारामुळे खाडीचा व कांदळवनाचा भाग गेला, तेव्हा हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ठाणे खाडीवरील वाशीच्या तिसऱ्या पुलासंदर्भात मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये मच्छीमारांचा वहिवाटीचा हक्क मान्य करून भरपाईचे धोरण आखण्यास सांगितले. या प्रकरणांचा इत्यर्थ असा की, जमिनीची मालकी नसली तरी पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर हा हक्काचा आधार ठरू शकतो. मात्र तो वापर सिद्ध करावा लागतो. कोण, कोठे, कोणत्या ऋतूत, काय धरतो, हे सांगता आले पाहिजे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून केव्हा घोषित झाला?
(२) तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध हरित न्यायाधिकरणाकडे कोणी दाद मागितली?
(३) वाशी पुलाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने कोणता हक्क मान्य केला?

४.२.७ भाषेच्या अभ्यासकाचे काम

हा विषय मराठीच्या अभ्यासक्रमात का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर वरील विवेचनातच आहे. वहिवाटीचा पुरावा बहुतांशी भाषेत साठवलेला असतो. खाडीतील प्रत्येक वळणाला, खडकाला, चिखलाच्या पट्ट्याला स्थानिक नाव असते. भरतीचे 'उधाण' आणि 'भांग' असे भेद, तिवरीच्या जाती, जाळ्यांचे प्रकार, चिंबोरीच्या अवस्था यांसाठी बोलीत स्वतंत्र शब्द असतात. ज्या जागेला नाव आहे, ती जागा कोणीतरी वापरलेली आहे. जागा गेली की नातवंडांना तो शब्द शिकवण्याचे कारण उरत नाही आणि शब्द गेला की ती जागा वापरात होती हे सांगणारा साक्षीदारही जातो.

म्हणून पर्यावरण-अहवालात जे निसटते, ते टिपण्याची क्षमता बोलीच्या अभ्यासकापाशी असते. प्रकल्पांची जनसुनावणी होते तेव्हा तांत्रिक अहवालातील परिभाषा आणि गावकऱ्यांची बोली यांत मोठे अंतर पडते. हे अंतर सांधणे हे मराठीच्या पदवीधराचे सामाजिक कर्तव्य मानावयास हवे.

४.३ सारांश

पाणथळ जागा या समुद्र आणि जमीन यांच्यामधील जिवंत पट्टा आहेत. पालघरच्या किनाऱ्यावर त्यांनी मासेमारी, खारभूमीची शेती, गोडे पाणी आणि गावांची सुरक्षितता यांना आधार दिला. भराव, सांडपाणी, प्रवाहातील बदल व मोठे प्रकल्प यांमुळे त्यांचा ऱ्हास होत आहे. या ऱ्हासाचा सर्वाधिक भार स्त्रिया, भूमिहीन व लहान मच्छीमार यांच्यावर पडतो आणि त्यांचा वापर कागदावर नसल्याने तो हिशेबात येत नाही. न्यायालयांनी वहिवाटीचा हक्क मान्य करण्यास आरंभ केला आहे. त्याला बळ देण्यासाठी लोकांचे ज्ञान व शब्द नोंदवले जाणे आवश्यक आहे.

४.४ शब्दार्थ

उघडी – खारभूमीच्या बांधातील पाणी सोडण्याचे दार
उधाण – अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती
कांदळवन – भरतीच्या खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या वनस्पतींचे वन
खाजण – भरतीचे पाणी पोहोचणारी खाडीलगतची सखल जमीन
खांड – बांधाला पडलेले भगदाड
डोल – समुद्रात प्रवाहाच्या दिशेला रोखून लावायचे पिशवीसारखे जाळे
भांग – अष्टमीच्या सुमाराची लहान भरती
वहिवाट – दीर्घकाळ चालत आलेला वापर

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) बरोबर (२) चूक (३) चूक
प्रश्न २ : (१) डहाणू तालुका २० जून १९९१ रोजी नाजूक क्षेत्र म्हणून घोषित झाला. (२) अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने दाद मागितली. (३) मच्छीमारांचा वहिवाटीचा हक्क मान्य केला.

४.६ सरावासाठी स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

(१) 'पाणथळ जागेचे क्षेत्रफळ कायम राहूनही तिचा नाश होऊ शकतो', हे विधान तारापूरच्या संदर्भात स्पष्ट करा.
(२) पाणथळ जागांच्या ऱ्हासाचा स्त्रियांच्या जीवनावर होणारा परिणाम सोदाहरण लिहा.
(३) पूर्वीची खारबंदिस्ती आणि आजचा भराव यांची तुलना करा.
(४) क्षेत्रीय कार्य : तुमच्या गावाजवळची खाडी, तलाव किंवा दलदल निवडा. तेथे काम करणाऱ्या दोन ज्येष्ठ व्यक्तींशी, त्यांपैकी एक स्त्री असावी, त्यांच्या सवडीने बोला. त्या जागेतील ठिकाणांची नावे, तेथे मिळणारे जीव व वनस्पती आणि वापराचे ऋतू यांची किमान वीस शब्दांची यादी करा. प्रत्येक शब्दापुढे तो आज वापरात आहे की नाही, हे लिहा. यादी पूर्ण झाल्यावर ती त्या व्यक्तींना वाचून दाखवा आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करून तिची एक प्रत गावाच्या वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीत ठेवा.